जंगल राखण्याचा मोबदला: न्याय्य वाटणी कोणत्या कसोटीवर ठरवावी?

रानवाटा (धागाकर्ता):

जंगल राखल्याबद्दल स्थानिक लोकांना पैसे देण्याच्या योजनांविषयी गेले काही महिने वाचतो आहे. कोस्टा रिकाने 1997 मध्ये असा मोबदला देशपातळीवर सुरू केला, मेक्सिकोने 2003 मध्ये, इक्वेडोरने 2008 मध्ये, आणि व्हिएतनामने दोन प्रांतांतील प्रयोगानंतर 2010 च्या शासकीय आदेशाने तो देशभर लागू केला. हवामानविषयक वाटाघाटींत 'रेड प्लस' या नावाने हीच कल्पना एका देशाने दुसऱ्या देशाला पैसे देण्यापर्यंत पोचली. या योजनांमुळे जंगल वाचते का, यावर भरपूर लिहिले गेले आहे. माझी अडचण निराळी आहे: पैसे कोणाला द्यायचे आणि कोणत्या हिशेबाने, हे ठरवताना न्याय नेमका कोठे शोधायचा?

एक साधे चित्र डोळ्यांसमोर ठेवले आहे. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन गावे आहेत. पहिल्या गावाने गेल्या वीस वर्षांत निम्मे जंगल तोडून शेती वाढवली आणि उरलेलेही तोडण्याच्या ते बेतात आहे. दुसऱ्या गावाने आपले जंगल पिढ्यान्‌पिढ्या राखले, आपसांत नियम करून राखले, प्रसंगी पोटाला चिमटा काढून राखले. आता पैसे देणारा विचारतो की, माझ्या पैशामुळे किती झाडे वाचली? याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर सगळी रक्कम पहिल्या गावाला मिळायला हवी, कारण दुसरे गाव पैसे न मिळताही जंगल राखणारच होते. हिशेब चोख आहे, पण तो दुसऱ्या गावात जाऊन सांगण्याची हिंमत मला होणार नाही. उलट दोन्ही गावांना सारखा दर दिला, तर मुळातच तोकडा असलेला निधी पातळ होतो आणि जेथे कुऱ्हाड खरोखर उगारलेली आहे तेथे तो पुरत नाही.

तेव्हा कसोटी कोणती धरावी? सोडून दिलेले उत्पन्न, केलेले कष्ट, गरज, की जमिनीवरचा हक्क? 'लोकांना विश्वासात घ्यावे' हे मला मान्यच आहे, म्हणून कृपया तेथे थांबू नये. विश्वासात घेतल्यानंतरही कोणाच्या खात्यात किती रक्कम टाकायची हा प्रश्न उरतोच.


हिशेबनीस:

परिणामाची बाजू आधी मांडतो, कारण न्यायाच्या चर्चेत ती बहुधा लाजत-लाजत येते.

पश्चिम युगांडात 2011 ते 2013 या काळात 121 गावांमध्ये एक काटेकोर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावे दोन गटांत विभागली गेली. एका गटातील खासगी जंगलमालकांना झाडे न तोडल्याबद्दल हेक्टरी वर्षाला 70,000 युगांडन शिलिंग, म्हणजे तेव्हाचे सुमारे 28 डॉलर, देऊ केले. दुसऱ्या गटाला काहीच नाही. पडलेल्या लाकडाचे सरपण नेण्याची मुभा होती, मात्र पाहणी करणारे आगाऊ न कळवता येत आणि ताजे बुंधे दिसतात का ते पाहत. दोन वर्षांनी उपग्रहचित्रे तपासली तेव्हा पैसे न मिळालेल्या गावांतील वृक्षाच्छादन 9.1 टक्क्यांनी घटलेले आढळले, तर पैसे मिळालेल्या गावांत ही घट 4.2 टक्के होती. पात्र मालकांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांनीच करार केला होता, तरीही एवढा फरक पडला. याचे एक मोठे कारण असे की तेथे तोड अतिशय वेगाने चालू होती. धोका असलेल्या ठिकाणी पैसा ठेवला की तो काम करतो.

याच्या शेजारी कोस्टा रिकाची सुरुवातीची वर्षे ठेवून पाहा. तेथे 1996 च्या वनकायद्याने जंगल मोडून जमिनीचा वापर बदलण्यास बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षापासून जंगलाच्या मालकांना ठरावीक दराने मोबदला मिळू लागला, ज्याचा मोठा आधार इंधनावरील कर होता. म्हणजे पैसे मिळाले नसते तरी कायद्याने जंगल तोडता येत नव्हतेच. त्यामुळे ही रक्कम बंदी लोकांच्या गळी उतरवण्यासाठी दिलेली होती, असे म्हणायला जागा आहे. शिवाय ज्यांच्याकडे जमिनीचे पक्के कागद होते आणि अर्ज भरण्याइतका वेळ व पैसा होता, त्यांनाच आरंभी प्रवेश सोपा गेला, आणि ते साहजिकच मोठे जमीनदार होते. पुढे 50 हेक्टरांपेक्षा लहान धारणांना आणि मागास भागांना अर्जाच्या छाननीत जादा गुण देण्यात आले. सारखा दर म्हणजे समान न्याय अशी समजूत असेल, तर हे उदाहरण तिच्या आड येते.

तरी धागाकर्त्यांची शंका मी झटकून टाकत नाही. तोडणाऱ्याच्या हातात पाकीट आणि राखणाऱ्याच्या वाट्याला कोरडे कौतुक, असा पायंडा पडला, तर दुसरे गाव पुढच्या हंगामात कुऱ्हाडीला धार लावेल आणि त्याला दोष देता येणार नाही. यावर एक तांत्रिक उपाय आहे. तुलनेसाठी आधाररेषा लागते, म्हणजे पैसे नसते तर किती जंगल गेले असते याचा अंदाज. ती रेषा एकेका गावाच्या पूर्वेतिहासावरून न काढता संपूर्ण खोऱ्याची किंवा जिल्ह्याची मिळून काढावी. मग ज्याने काल जास्त तोडले त्याला आज जास्त मिळत नाही. त्या परिसरात जंगल राखणारा प्रत्येक जण सरासरीपेक्षा किती चांगला राहिला यावर रक्कम ठरते, आणि तुमचे दुसरे गाव यात पहिल्याच्या पुढे निघते. परिणामकारकता यात थोडी कमी होते हे मान्य, पण चुकीची शिकवण देण्यापेक्षा ती किंमत परवडते.


शाल्मली:

वरील प्रतिसाद गावाच्या वेशीपर्यंत येऊन थांबतो. गाव हे एकच खाते आहे असे मानले की सगळे सोपे वाटते. मी काही वर्षे अशा योजनांच्या पडताळणीच्या कामात होते, आणि माझा अनुभव असा की दोन गावांमधील अन्यायापेक्षा एकाच गावातील अन्याय अधिक खोल असतो आणि अहवालात तो कमी दिसतो.

आकडे मांडूनच पाहू. समजा, शंभर घरांचे गाव आहे आणि वर्षाला एक लाखाची रक्कम आली. दहा घरांकडे निम्म्या जंगलजमिनीचे कागद आहेत, साठ घरांकडे उरलेल्या निम्म्याचे, आणि तीस घरांकडे जमीनच नाही. ती घरे जंगलातून सरपण, कंद, मध आणून दिवस काढतात. क्षेत्रफळाप्रमाणे वाटणी केली तर पहिल्या दहांना प्रत्येकी 5,000, साठांना प्रत्येकी सुमारे 833, आणि तिसांना शून्य. दरघरटी समान वाटणी केली तर सर्वांना 1,000. आता तिसरा हिशेब असा करा की, जंगल बंद झाल्याने प्रत्यक्ष नुकसान कोणाचे झाले? भूमिहीन घराला वर्षाला 2,000 चा फटका बसत असेल, तर केवळ भरपाईपोटी तीस घरांना 60,000 द्यावे लागतील आणि बाकी सत्तरांना मिळून 40,000 उरतील, म्हणजे घरटी 571. रक्कम तीच, गाव तेच, जंगल तेच. पहिल्या हिशेबात ज्यांना शून्य मिळाले त्यांना तिसऱ्यात सर्वांत जास्त मिळते. यांपैकी कोणताही हिशेब चुकीचा नाही. मात्र तो कोणत्या बैठकीत निवडला गेला आणि त्या बैठकीत कोण बसले होते, यावर निकाल ठरतो.

मेक्सिकोत जंगलाचा मोठा भाग 'एजिदो' नावाच्या सामूहिक मालकीच्या गटांकडे आहे, आणि मोबदला या गटाच्या सभेकडे जातो. वरवर पाहता याहून लोकशाही व्यवस्था दुसरी नाही. पण सभेत मत असते ते नोंदलेल्या हक्कदारांना. गावातच राहणाऱ्या, परंतु हक्कदार नसलेल्या कुटुंबांना नसते, आणि हक्कदारांच्या यादीत स्त्रियांचे प्रमाण कमी आहे. ब्राझीलच्या अमेझॉनास राज्याने 2007 मध्ये सुरू केलेल्या योजनेत कुटुंबाचे महिना 50 रेआल घरातील स्त्रीच्या नावे देण्याचे ठरवले, ते याच अडचणीवर उत्तर म्हणून पाहता येते. रक्कम अगदीच किरकोळ असल्याची टीका त्यावर झाली आणि ती योग्यच आहे, पण पैसा कोणाच्या हातात पडतो हा प्रश्न निदान विचारला तरी गेला.

एक बैठक अजून आठवते. करार वाचून दाखवण्यात आला, नकाशा भिंतीवर टांगला होता, आणि सह्या व्हायला लागल्या होत्या. मागे दाराशी बसलेल्या एका वयस्कर बाईंनी विचारले की, नकाशावर हिरव्या रंगात जो भाग बंद दाखवला आहे त्यातूनच त्यांची सरपणाची वाट जाते, तर मोळी आता कोठून आणायची. पुढे बसलेल्यांना तो प्रश्न विषयांतराचा वाटला. खरे तर त्या सबंध दिवसात करारासंबंधी विचारला गेलेला तोच एक प्रश्न होता. इतिवृत्तात त्याची नोंद नाही. मीही तेव्हा केली नाही.

रोख रकमेऐवजी सामाईक कामांवर खर्च करावा, असेही सुचवले जाते. केनियाच्या गाझी उपसागरातील 'मिकोको पामोजा' हा खारफुटीचा प्रकल्प साधारण 117 हेक्टरांचा आहे, आणि कार्बन क्रेडिट (झाडांनी हवेतील कार्बन साठवून ठेवल्याबद्दलची विकता येणारी प्रमाणपत्रे) विकून आलेले पैसे तेथे पाणीपुरवठा आणि शाळा अशा कामांवर गावकऱ्यांच्या निर्णयाने खर्च होतात. लहान, एकजिनसी वस्तीत हे चांगले चालते. मात्र नळ गावात आला म्हणजे मोळी विकून जगणाऱ्या घराची चूल पेटली असे होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.


तिरकस:

थोडे विषयाला धरूनच, पण दुसऱ्या टोकाने. सगळी चर्चा घेणाऱ्यांमधील न्यायाची चालली आहे. देणारा मात्र हात झाडून मोकळा. व्हिएतनाममध्ये जलविद्युत केंद्रांना प्रत्येक युनिटमागे आधी 20 डाँग आणि पुढे 36 डाँग जंगलासाठी द्यावे लागतात, आणि हा भार अखेर वीज वापरणाऱ्याच्या बिलात उतरतो. त्यातून गंमत अशी होते की, ज्या खोऱ्यात मोठे धरण आहे तेथील राखणदाराला हेक्टरी भरपूर मिळते, आणि शेजारच्या खोऱ्यात तेवढीच गस्त घालणाऱ्याला चिल्लर. दोघांचे कष्ट सारखे, जंगल सारखे, फरक एवढाच की एकाचे पाणी टर्बाइनवरून पडते. जंगलाचा प्रकार आणि स्थिती पाहून दर कमी-जास्त करण्याचा गुणकही तेथील नियमांत आहे, पण तो मोजण्याची कटकट इतकी की अनेक ठिकाणी तो सरसकट एकच धरला गेला. न्यायाचे सूत्र जितके बारीक, तितके ते कागदावरच राहण्याची शक्यता अधिक, हा माझा रोकडा अनुभव.


रानवाटा:

सर्वांचे आभार. शाल्मली, आपल्या आकड्यांनी माझे दोन गावांचे चित्र मोडीत काढले आणि ते मोडायलाच हवे होते. हिशेबनीस, परिसराची मिळून आधाररेषा काढण्याची सूचना पटली, परंतु एक शंका राहते: जेथे सबंध परिसरानेच जंगल राखले आहे, तेथे सरासरी तोडच जवळपास शून्य असेल, मग सरासरीपेक्षा चांगले राहण्यास जागा कोठे उरते?


उंबरठा:

धागाकर्त्यांची शेवटची शंका एका देशाच्या बाबतीत अक्षरशः उभी राहिली होती, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. गयानाच्या भूभागाचा फार मोठा हिस्सा जंगलाखाली आहे आणि तोडीचे प्रमाण अत्यल्प आहे. घट कमी केल्याबद्दल पैसे हा नियम काटेकोर लावला तर गयानाला काहीच मिळत नाही. 2009 मध्ये नॉर्वेने 25 कोटी डॉलरपर्यंत देण्याचा करार केला तेव्हा आधाररेषा मुद्दाम वर सरकवण्यात आली, जेणेकरून तोड कमीच ठेवणाऱ्या देशालाही मोबदला मिळावा. शुद्ध हिशेबाच्या दृष्टीने ही सूट होती. माझ्या मते ती हिशेबापेक्षा अधिक प्रामाणिक होती, कारण राखलेले जंगल आपोआप राखले जाते असे मानणे ही त्या हिशेबाची मूळ चूक आहे. तेव्हा शंकेचे थेट उत्तर असे की, तशा परिसरात 'घट किती कमी झाली' हे माप सोडून 'साठा किती टिकला' या मापाने पैसे द्यावे लागतात.

परंतु गयानाची गोष्ट येथे संपत नाही. 2022 च्या डिसेंबरात तेथील सरकारने हेस या तेल कंपनीशी किमान 75 कोटी डॉलरचा कार्बन क्रेडिट विक्रीचा करार केला आणि त्यातील 15 टक्के रक्कम आदिवासी गावांना देण्याचे जाहीर केले. गावांनी आपापले आराखडे करायचे आणि पैसे थेट गावाच्या खात्यात जमा व्हायचे, अशी पद्धत ठरली. वाटपाच्या दृष्टीने पाहिले तर अनेक योजनांच्या तुलनेत ही उदार म्हणावी लागेल. तरीही आदिवासींच्या एका प्रमुख संघटनेने या क्रेडिटचे प्रमाणन करणाऱ्या संस्थेकडे तक्रार नोंदवली की, आमच्या पारंपरिक जमिनींवरील जंगलाचा कार्बन विकण्यास आमची पूर्ण माहितीनिशी संमती घेतली गेली नाही. ही तक्रार पुढे फेटाळली गेली. मला येथे महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या तक्रारीचा रोख 15 टक्के कमी आहेत यावर मुख्यतः नव्हताच. टक्केवारी ठरवण्याआधी वस्तू कोणाची आहे हे ठरायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते.

यावरून मला असे वाटू लागले आहे की, आपण सगळे 'मोबदला' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आहोत. एक म्हणजे भरपाई: जंगल बंद झाल्याने ज्याचे उत्पन्न बुडाले त्याला ते भरून देणे. दुसरी म्हणजे मेहनताना: जो गस्त घालतो, वणवा विझवतो, जाळरेषा काढतो त्याच्या कष्टाचे दाम. तिसरी म्हणजे मालकाचा वाटा: जंगल ज्यांचे आहे त्यांनी ते वापरू दिल्याबद्दल किंवा त्याचा लाभ इतरांना दिल्याबद्दल मिळणारे हक्काचे पैसे. या तिन्हींची न्यायाची कसोटी निराळी आहे. भरपाई नुकसानाप्रमाणे द्यावी लागते, म्हणजे शाल्मली यांच्या उदाहरणातील भूमिहीनांना सर्वांत आधी, आणि ती देताना कागदपत्रे मागणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. मेहनताना कामाप्रमाणे द्यावा, आणि तो धरण कोणत्या खोऱ्यात आहे यावर अवलंबून राहता कामा नये. मालकाचा वाटा हक्काप्रमाणे जातो. त्यात गरिबीची किंवा चांगल्या वर्तनाची अट घालता येत नाही, आणि दुसऱ्या गावाने पूर्वीपासून जंगल राखले म्हणून त्याचा वाटा कमी करता येत नाही, जसे घर नीट ठेवणाऱ्या मालकाचे भाडे कोणी त्या कारणाने कमी करत नाही.

प्रत्यक्षात काय होते? संमती घेताना हक्काची भाषा वापरली जाते, रक्कम ठरवताना भरपाईचा हिशेब लावला जातो, आणि वाटप करताना मेहनतान्याच्या, कधीकधी तर मेहेरबानीच्या थाटात पाकीट पुढे केले जाते. लोकांना फसवले गेल्याची भावना येते ती बहुधा या घसरणीतून. रक्कम मोठी असली तरी ती भावना जात नाही. यात मधल्या हातांचा भाग वेगळाच. ग्लासगोच्या 2021 च्या हवामान परिषदेत आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या जमीनहक्कांसाठी 1.7 अब्ज डॉलरची घोषणा झाली, आणि पहिल्या वर्षी खर्च झालेल्या रकमेपैकी थेट या समुदायांच्या संस्थांकडे गेले ते 7 टक्के. उरलेले वाया गेले असे मी म्हणत नाही, पण ते आधी दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात गेले.

हिशेबनीस यांच्याशी माझे भांडण एका मर्यादेपर्यंतच आहे. धोका जास्त तेथे पैसा जास्त हे तत्त्व भरपाईच्या आणि मेहनतान्याच्या भागाला लावावे; धोक्याच्या जागी गस्तही अधिक लागते आणि सोडून द्यावे लागणारे उत्पन्नही. पण तिसऱ्या भागाला ते लावले की आपण हक्कालाच लिलावात उभे करतो. रोख रक्कम मिळते आहे म्हणून जमिनीच्या दाव्याची सुनावणी लांबवली जात असेल, तर ती रक्कम कितीही न्याय्यपणे वाटली तरी सौदा अन्यायाचाच आहे.


हिशेबनीस:

तीन भागांची फोड मान्य. एक व्यावहारिक अडचण मात्र सांगतो: एवढे तिन्ही भाग वेगवेगळे मोजायचे तर त्यासाठीच निधीचा बराच हिस्सा जाईल, आणि मग तिरकस यांचे म्हणणे खरे ठरेल. मी एवढेच करीन की, मालकाचा वाटा सपाट दराने, अटीशिवाय. आणि उरलेली रक्कम गावाने स्वतः भरपाई व मेहनताना यांत विभागावी, मात्र ज्या बैठकीत हे ठरेल तिच्यात जमीन नसलेल्या घरांना मत असले पाहिजे. या एका अटीवर देणाऱ्याने अडून बसावे. बाकी सूत्रांत त्याने नाक खुपसू नये.


शाल्मली:

ही अट मान्य, आणि तिला आणखी एक जोडते. इक्वेडोरच्या योजनेत लोकांनी वीस-वीस वर्षांचे करार केले होते; क्षेत्र वाढेल तसा हेक्टरी दर कमी होत जाईल, म्हणजे लहान धारकाला तुलनेने जास्त मिळेल, अशी तिची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. पुढे तेलाच्या किमती कोसळल्या, सरकारचे उत्पन्न आटले आणि पैसे थांबले. अनेक ठिकाणी लोकांनी जंगल तरीही लगेच मोडले नाही. म्हणजे देणाऱ्याने शब्द पाळला नाही तेव्हाही घेणाऱ्यांनी आपला पाळला, आणि त्या काळाचा भार त्यांनीच सोसला. मी तपासलेल्या करारांमध्ये गावाने झाड तोडले तर काय होईल याची कलमे पानभर असत, पण हप्ता चुकला तर गावावरील बंधने आपोआप सैल होतील असे एकही कलम मला आढळले नाही. पुढच्या वेळी कोणी मसुदा वाचून दाखवू लागले, तर सह्या होण्याआधी ते कलम कोठे आहे हे विचारावे, आणि त्या बाईंच्या सरपणाच्या वाटेचेही.